केरामागोमाग फुरसुंगीपर्यंत

प्रवासवर्णन म्हटले की हिमालयातील देवदार, दक्षिणेतील गोपुरे किंवा समुद्रापलीकडची शहरे वाचकांच्या डोळ्यांपुढे उभी राहावीत, हे स्वाभाविकच आहे. आज आम्ही जी हकीकत सांगणार आहोत ती यांपैकी कशाचीच नाही. हा प्रवास जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटरांचा. त्यास ना बिछाना बांधावा लागला, ना फराळाचा डबा. शिवाय ज्या वाटेने आम्ही गेलो त्या वाटेने पुण्यातील प्रत्येक घरातून काही ना काही रोजच जात असते. जात नाहीत ती फक्त घरातील माणसे. ही वाट म्हणजे आपल्या घरच्या केराची वाट होय.

आमचे कुटुंब एकत्र आहे. दोन्ही वेळा पंगतीस दहा-अकरा पाने असतात. जेवताना शाळा-कॉलेजांत जाणारी मुले जगाच्या गोष्टी काढतात. पृथ्वीचे तापमान वाढत आहे, समुद्रात प्लॅस्टिक साचत आहे, ध्रुवाकडचा बर्फ वितळत आहे, असे ती सांगतात व मोठी माणसे ऐकून हळहळतात. अशाच एका रात्री घरातील आजोबांनी सहज विचारले, “समुद्राचं मला कळत नाही रे बाळांनो. पण आपल्या घरातून रोज दोन बादल्या बाहेर जातात, त्यांचं पुढे काय होतं, हे कुणाला ठाऊक आहे का?” प्रश्न साधा होता, पण त्याचे पुरते उत्तर पुस्तकांत सापडण्याजोगे नव्हते. तेव्हा दिवाळीची सुट्टी संपता संपता एका सकाळी आम्ही उभयता, धाकटे दीर व दोन मुले अशी पाच माणसे त्या दोन बादल्यांच्या मागोमाग निघालो.

पहिला मुक्काम आमच्याच बोळात झाला. सकाळी साडेसातच्या सुमारास दोन बायका ढकलगाडी घेऊन येतात. अंगात साडीवर कोट, हातांत मोजे, गाडीवर दोन मोठी पिंपे व बाजूस लटकविलेली पोती असा त्यांचा सरंजाम असतो. बहुतेक घरी त्यांना ‘कचरेवाल्या’ म्हणतात. वस्तुतः त्या एका सहकारी संस्थेच्या सभासद आहेत. त्यामागे एक इतिहास आहे आणि तो पुण्यास भूषणावह आहे. रस्त्यांवरील कुंड्यांतून कागद, काच व पत्रा वेचून पोट भरणाऱ्या बायका १९९३ साली एकत्र आल्या व ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही त्यांची संघटना उभी राहिली. डॉ. बाबा आढावांचे नेतृत्व व श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठातील कार्यकर्त्या अध्यापिकांचे परिश्रम तिच्या पाठीशी होते. पुढे महापालिकेने या बायकांच्या ओळखपत्रांस मान्यता दिली. २००८ साली त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलण्याचे काम हाती घेतले. आज तिच्या सभासदांची संख्या तीन हजारांहून अधिक आहे. पूर्वी कुंडीत वाकणारी बाई आता दारात उभी राहते. घरटी ठरलेले मासिक शुल्क तिला मिळते व वेचलेल्या भंगाराचे पैसेही तिचेच असतात.

आमच्या बोळातील दोघींपैकी थोरल्या बाईंचे आईवडील १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून पुण्यास आले. आम्ही त्यांच्याबरोबर फिरू इच्छितो हे ऐकून प्रथम त्यांस हसू आले. “काकू, तुम्ही कुठं येता? वास येतो,” असे म्हणून त्यांनी आम्हांस दोन पावले मागे राहण्यास सांगितले. तथापि चार घरे झाल्यावर त्या आपण होऊनच बोलू लागल्या. घरात येताजाता न दिसणाऱ्या पुष्कळ गोष्टी त्यांस बादलीवरून कळतात. कोणाकडे पाहुणे आले, कोणाकडे आजारपण आहे, कोणाच्या घरी स्वयंपाक कमी व बाहेरून मागविलेले जेवण अधिक, हे सर्व त्या न विचारता सांगू शकतात. दिवाळीनंतरचा आठवडा सर्वांत जड जातो, असे त्या म्हणाल्या. मिठाईच्या चकचकीत पेट्या, भेटवस्तूंची वेष्टणे, कागदी व प्लॅस्टिकच्या बशा आणि त्यांत कुस्करलेल्या अर्धवट खाल्लेल्या करंज्या असा ऐवज एकाच पिशवीत गाठ मारून दिलेला असतो.

“गाठ मारून दिलं की लोकांना वाटतं, स्वच्छ दिलं,” त्या म्हणाल्या. “पण ती गाठ मलाच सोडायची असते ना!”

हे वाक्य आमच्या मनात दिवसभर राहिले. ओला व सुका कचरा वेगळा द्यावा हा नियम २००० सालापासून कागदावर आहे. २०१६ च्या नियमांनी तर त्याचे तीन भाग केले. परंतु ज्या घरात तो वेगळा होत नाही त्या घराचाही कचरा शेवटी वेगळा होतोच. कोणीतरी तो आमटीत बरबटलेल्या हातांनी वेगळा करते, इतकाच फरक. त्या हातांना फुटलेली काच लागते, इंजेक्शनची सुई टोचते. लहान मुलांचे व स्त्रियांचे वापरलेले पॅड उघडेच टाकलेले असले तर तेही हातांनीच उचलावे लागतात. या शेवटल्या गोष्टीसाठी या बायकांनी एक साधा उपाय सुचविला आहे. असे जिन्नस जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळावेत व वर लाल ठिपका काढावा, म्हणजे पुडी उघडण्याची वेळ येत नाही. एका ठिपक्यास वेळ किती लागतो? पण त्या ठिपक्यात समोरच्या माणसाविषयीचा आदर असतो.

साडेदहाच्या सुमारास गाडी भरली. मग एका आडोशाला बसून दोघींनी वेचणी केली. तेथून पोती खांद्यावर घेऊन त्या भंगाराच्या दुकानी गेल्या व त्यांच्यामागून आम्हीही गेलो. हा आमचा दुसरा मुक्काम. बाहेरून पाहणाऱ्यास तो नुसता पसारा वाटतो, पण दुकानदाराच्या दृष्टीने तेथे काटेकोर व्यवस्था आहे. पुठ्ठा निराळा, वर्तमानपत्र निराळे, वहीचा पांढरा कागद निराळा. दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, बाटल्यांची झाकणे, तुटक्या बादल्या, ॲल्युमिनियम, पत्रा व काच यांचा प्रत्येकी स्वतंत्र ढीग व स्वतंत्र भाव. धुतलेली व वाळविलेली दुधाची पिशवी हातोहात खपते. ताकाने लडबडलेल्या पिशवीस कोणी विचारीत नाही.

मुलांनी वेफर्सच्या पाकिटांचा भाव विचारला. दुकानदार म्हणाला, “त्याला भाव नाही.” या पाकिटात प्लॅस्टिकच्या दोन-तीन थरांत धातूचा पातळ मुलामा दिलेला असतो. ते थर सुटे करणे परवडत नाही म्हणून ते कोणी घेत नाही. गोड बिस्किटे, शांपूच्या पुड्या, मसाल्यांची पाकिटे या सर्वांची हीच गत. आणखी एक गोष्ट तेथे कळली. खनिज तेल स्वस्त झाले की नवे प्लॅस्टिक स्वस्त होते व जुन्यास गिऱ्हाईक उरत नाही. मग पोते तेवढेच भरले तरी वेचणाऱ्या बाईच्या हाती कमी पैसे पडतात. अरबस्तानातील तेलाचा भाव व आमच्या बोळातील बाईंची मजुरी यांचा असा निकटचा संबंध असेल, हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. जगातील प्लॅस्टिकचा एक हिशेब शास्त्रज्ञांनी २०१७ साली प्रसिद्ध केला. त्याप्रमाणे २०१५ पर्यंत सुमारे ८३० कोटी टन प्लॅस्टिक तयार झाले, आणि त्यातून जो कचरा झाला त्यापैकी अवघा नऊ टक्के पुन्हा वापरात आणण्यासाठी प्रक्रियेस गेला. त्या नऊ टक्क्यांमागे आमच्या बोळातील बाईंसारखे जगभरचे लक्षावधी हात आहेत.

सुक्याची वाट येथे संपली. ओल्याची पुढे चालू होती. तिच्या मागोमाग आम्ही शहरातील एका जैववायू प्रकल्पावर गेलो. येथे ओला कचरा दळून, पाण्यात कालवून बंद टाकीत कुजवितात. निघणारा वायू जाळण्याच्या कामी येतो व काही ठिकाणी त्यावर वीज करून रस्त्यावरचे दिवे लावतात. उरलेल्या गाळाचे खत होते. मात्र यंत्रात जाण्यापूर्वी येथेही माणसे बसून चमचे, पिशव्या व निर्माल्यातील दोरे निवडीत होती. एक पिशवी पात्यांत गुंतली तर यंत्र बंद पडते.

हाच ओला कचरा बंद टाकीत न जाता उघड्या ढिगाऱ्याच्या पोटात दडपला गेला, तर तेथे हवा न लागल्यामुळे त्यातून मिथेन वायू निघून आकाशात जातो. वीस वर्षांचा हिशेब धरल्यास पृथ्वी तापविण्याच्या कामी हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट समर्थ आहे. मनुष्याच्या व्यवहारांतून जो मिथेन हवेत जातो त्याचा सुमारे पाचवा भाग कचरा व सांडपाणी यांतून येतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले व त्यातील ६० टक्के घराघरांतून गेले. खानावळी व दुकाने मागे राहिली. पानात टाकलेली भाजी व वितळणारा बर्फ यांची सांगड मुलांस प्रथमच डोळ्यांपुढे दिसली. ‘पानात टाकू नये’ हे वाक्य आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या म्हटले जाते. त्याला पूर्वी अन्नब्रह्माचा आधार होता. आता रसायनशास्त्राचाही मिळाला आहे.

आता राहिला शेवटचा मुक्काम. ज्याचे भंगार होत नाही व खतही होत नाही ते, आणि ज्या काळी काहीच वेगळे होत नसे त्या काळचे सर्वच, जेथे गेले ते ठिकाण. पुणेकरांस आठवत असेल की शहराचा कचरा एके काळी कोथरूडास जाई. त्या वेळी कोथरूड गावाबाहेर होते. पुढे तेथे मध्यमवर्गाची वस्ती झाली. वास, माश्या व धूर यांविरुद्ध ओरड झाली आणि तो डेपो बंद पडला. ओरड रास्तच होती. आज त्या जागी मेट्रोच्या गाड्या विश्रांती घेतात. पण डेपो बंद झाल्याने कचरा बंद झाला नव्हता. तो शहराच्या दुसऱ्या टोकास, सासवड रस्त्यावरील उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांच्या शिवेवर जाऊ लागला. ज्यांचा आवाज नगरात पोहोचतो त्यांच्या दारातून निघून तो ज्यांचा आवाज पोहोचत नाही त्यांच्या दारी गेला.

हडपसर सोडून आम्ही सासवडच्या वाटेस लागलो. ही वाट महाराष्ट्रास नवीन नाही. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून निघून याच रस्त्याने, उरुळी देवाचीवरून वडकीस व पुढे दिवे घाटाकडे जाते. ज्या रस्त्याच्या धुळीस वारकरी कपाळ लावतात त्याच रस्त्याने वर्षाचे बाराही महिने शहराच्या केराचे ट्रक गेले. पुढे मंतरवाडीजवळ वास प्रथम येतो व टेकडी नंतर दिसते. टेकडी म्हणावयाचे खरे, पण ती निसर्गाने केलेली नाही. ढिगाऱ्याचा काही भाग मातीने झाकला आहे व त्यावर गवत उगवले आहे. जुना कचरा उकरून त्याची वर्गवारी करण्याचे कामही गेल्या काही वर्षांत चालू झाले आहे. शहरात ठिकठिकाणी प्रक्रिया होऊ लागल्याने येथे येणारा भार पूर्वीपेक्षा कमी झाला, हेही नमूद करणे न्यायाचे आहे. वर घारी घिरट्या घालीत होत्या. गवताच्या मुळांतून रंगीत चिंध्यांप्रमाणे प्लॅस्टिकची टोके डोकावत होती. आमच्या मुलाने त्यात दुधाच्या पिशवीचा एक तुकडा ओळखला. तो किती वर्षांचा असेल ते सांगता येईना, परंतु पिशवीवरील निळा रंग शाबूत होता.

रस्त्याकडेच्या चहाच्या दुकानी एक वृद्ध शेतकरी भेटले. त्यांनी आपली विहीर दाखविली. पाणी होते, पण ते पिण्याचे नव्हते. ढिगाऱ्यातून झिरपणारे काळे पाणी जमिनीत उतरले, विहिरी बिघडल्या आणि टँकरची वाट पाहणे नशिबी आले, ही येथील अनेक घरांची कहाणी आहे. या भागात मुलगी द्यावयास लोक कचरतात, असेही ते म्हणाले. २०१७ च्या उन्हाळ्यात डेपोस मोठी आग लागली तेव्हा ग्रामस्थांनी गाड्या अडविल्या व तीन आठवडे पुण्यात कचरा साचून राहिला. त्या दिवसांची आठवण आम्ही काढताच ते शांतपणे म्हणाले, “तुमच्या दारात वीस दिवस राहिला तर तुम्हाला सोसवेना. आमच्या दारात वीस वर्षं आहे.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते ऐकणे अधिक कठीण गेले.

परत येताना आमच्यात जे बोलणे झाले त्याचा सारांश देतो. आपल्या घरांत शुचितेस मोठे स्थान आहे. स्नान, सोवळे, सारवण, देवघराची आरास यांत आपण हयगय करीत नाही. परंतु या शुचितेची हद्द फार पूर्वीपासून उंबरठ्याशी संपत आली आहे. जुन्या वाड्यांत राखेने भांडी घासत, केळीच्या पानावर जेवत, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या होत व उरलेसुरले बोहारीण नेई. ती काटकसर खरीच व आज पुन्हा शिकण्याजोगी आहे. पण त्याच वाड्यांच्या मागच्या बोळातून मैल्याची टोपली डोक्यावर घेऊन कोणीतरी जात असे, हे गौरवाच्या भरात विसरता कामा नये. घर निर्मळ राहावे म्हणून मनुष्यास अस्पृश्य ठरविले गेले. आज टोपली गेली, त्या कामास कायद्याने बंदी झाली. तरी गाठ मारलेल्या पिशवीतून तीच वृत्ती रोज सकाळी दाराबाहेर ठेवली जाते.

ही हद्द ओलांडणारी माणसे आपल्यातही झाली. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी (१८९४–१९७१) भंगीकाम हे आपले कर्तव्य मानले. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात ते काम करण्याची परवानगी मिळावी म्हणून त्यांनी अन्नत्याग आरंभिला व त्यांना पाठिंबा म्हणून गांधीजींनीही येरवड्यास उपोषण सुरू केले. पदवीधर ब्राह्मणाने झाडू मागावा व सरकारने तो नाकारावा, असा तो प्रसंग होता. आपल्याकडून कोणी उपोषणाची अपेक्षा करीत नाही. मागणे आहे ते दोन बादल्यांच्या जागी तीन ठेवण्याचे.

येथे एक आक्षेप येईल व तो खोटा नाही. एका घराने पिशवी धुतली म्हणून समुद्र स्वच्छ होतो काय? कारखानदार भाव नसलेली पाकिटे कोट्यवधींनी काढीत राहिले, तर गृहिणीने किती निवडावे? हे खरे आहे. उत्पादकांनी आपल्या वेष्टनांची जबाबदारी घ्यावी असे नियम २०२२ साली आले आहेत. त्यांची अंमलबजावणी व्हावी म्हणून नागरिकांनी आग्रह धरिलाच पाहिजे. महापालिकेसही जाब विचारला पाहिजे. परंतु जाब विचारणाऱ्याची स्वतःची बादली स्वच्छ असली म्हणजे त्याच्या शब्दास वजन येते. शिवाय आमच्या मते रोजच्या या निवडीचा पहिला उपयोग समुद्रास नाही, तर बोळातील बाईंच्या हातांस व फुरसुंगीच्या विहिरीस आहे. जगाचे प्रश्न आपल्या घरी जगाएवढे होऊन येत नाहीत. आपण टाकलेले कोण उचलणार, एवढ्याच रूपाने ते येतात. आणि त्याचे उत्तर देणे आपल्या हाती असते.

आमच्या घरी तेव्हापासून जी व्यवस्था लागली ती थोडक्यात सांगतो. ओला कचरा गच्चीवर छिद्रे पाडलेल्या मातीच्या दोन मोठ्या कुंड्यांत आळीपाळीने घालतो. वर सुका पालापाचोळा पसरला व ओलावा बेताचा ठेवला म्हणजे वास येत नाही. दीड-दोन महिन्यांत खत होते व त्यावर कढीपत्ता व गवती चहा चांगला पोसला आहे. सुक्याची निराळी पिशवी. दुधाच्या पिशव्या विसळून दोरीवर वाळतात. काच व सुया जाड कागदात बांधून वर नाव लिहून देतो. हळदीकुंकवास व मुंजीस पत्रावळी अथवा घरची ताटे वापरतो. पाहुण्यांनी हसून घेतले; पुढल्या कार्यास दोघांनी ताटे मागून नेली.

सर्वांत वादाचा मुद्दा मात्र निराळाच निघाला. हे काम करावयाचे कोणी? एकत्र कुटुंबात असल्या नव्या व्रताचे ओझे बहुधा धाकट्या सुनेवर पडते व श्रेय मात्र घराण्यास मिळते. घराबाहेरच्या बाईंचा भार हलका करताना तो घरातल्या बाईवर टाकला, तर मिळविले काय? म्हणून आमच्याकडे कुंड्यांचे काम आजोबांनी व दीरांनी पत्करले आहे, पिशव्या विसळणे ज्याचे त्याने, आणि सकाळी बादली दारात नेऊन देणे हे कर्त्या पुरुषाकडे आहे. देताना बाईंशी नावाने बोलावे व पाणी हवे का विचारावे, असाही दंडक आहे.

पुण्याबाहेरील वाचकांनी ही हकीकत पुण्याची म्हणून बाजूस ठेवू नये. मुंबईचे देवनार १९२७ पासून केर पोटात घेत आहे. नागपुरास भांडेवाडी आहे, कल्याणास आधारवाडी होती. प्रत्येक शहराची एक फुरसुंगी असते आणि तिचे नाव त्या शहराच्या प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत सापडत नाही. येत्या सुट्टीत मुलांना घेऊन एक दिवस तेथवर अवश्य जावे. खर्च जवळजवळ नाही. परत आल्यावर पानात काय वाढून घ्यावे व दुकानातून काय आणू नये, हे घरात कोणास वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.